पूर्वेच्या खिडकीची हाक

आलेनफेल्स, २४ एप्रिल २००६

प्रिय टिली,

बाबांचा डबा घेऊन आपण दोघी मनोरा चढायचो, ते आठवतं का गं? खालच्या कप्प्यात मसुराची आमटी, वरच्या कप्प्यात जाड शेवया, आणि त्यांच्यावर आडवं ठेवलेलं एकच सॉसेज. डबा माझ्याकडे, कंदील तुझ्याकडे. एकदा घंटेच्या मजल्यावर आपण दम खायला टेकलो, तर तू झाकण उघडून म्हणालीस, "सेंझी, याचं टोक तुटायला आलंय बघ, वाटेत पडेल." आणि पडू नये म्हणून ते तू खाल्लंस. मग दुसरं टोक सुटायला आलं. वर बाबांनी डबा उघडला, उरलेल्या तुकड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "जिन्यातले उंदीर यंदा फार माजलेत." तू हसू दाबायला खिडकीबाहेर डोकं काढलंस. एवढंच. बाबा जेवले, आपण रिकामा डबा घेऊन खाली आलो. का कोण जाणे, सकाळपासून तेच डोळ्यांपुढे आहे.

दर नाताळाला तुझं एक कार्ड येतं, माझं एक जातं, दोन्हींवर फक्त सह्या. हे पत्र नाताळाचं नाही म्हणून घाबरू नकोस. कुणी गेलं नाही. उलट, टिली, मनोरा परत उभा राहतोय! म्हणजे उभा होताच; पण आता त्याला मचाण बांधलंय, पार कळसापर्यंत, आणि सेंट मायकलच्या सणाला, २९ सप्टेंबरला, त्यावर पुन्हा राखणदार बसणार आहे. संध्याकाळची हाक चारी दिशांच्या खिडक्यांतून पुन्हा सुरू होणार. बाबांनंतर नगरपालिकेनं ते पद मोडीत काढलं होतं, ते गेल्या आठवड्यात एकमतानं परत आणलं. मी गॅलरीत बसले होते. टाळ्या वाजवायच्या नसतात तिथे. मी वाजवल्या.

तुला माहीत नसेल, शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी इथे पाहुण्यांना गाव दाखवते. हातात लाल छत्री उंच धरायची आणि पुढे चालायचं. पुलावरची वेस, धान्याचं कोठार, नगरपालिकेचे दोन धर्मांचे दोन दरवाजे, आपलं कॉन्व्हेंट (आता तिथे बाहुल्यांचं संग्रहालय आहे, सिस्टर अडेल्गुंडिसच्या वर्गात!), आणि शेवटी सेंट मायकल. पुढच्या बाकांवर आम्ही कॅथलिक, मागच्या बाकांवर तुम्ही प्रोटेस्टंट, छत एकच. लोक फोटो काढतात आणि मग हमखास कुणीतरी मान वर करून विचारतं, "आणि या मनोऱ्यात काय आहे?" आजवर मी म्हणत आले, "कबुतरं."

आता अडचण ऐक. राखणदाराची पाळी. तुला सांगायला नको: एकदा कॅथलिक, एकदा प्रोटेस्टंट, आणि जाणाऱ्यानं येणाऱ्याला हाक तोंडानं शिकवायची. म्हाताऱ्या केर्लरनी बाबांना शिकवली. बाबांना शिकवायला पुढे कुणी उरलंच नाही, म्हणून त्यांनी ती आपल्याला शिकवली. म्हणजे यंदाची पाळी प्रोटेस्टंटांची, आणि प्रोटेस्टंटांत हाक कुणालाच येत नाही. नगराध्यक्ष श्मॉल्त्स म्हणतात, नाहीच कुणी मिळालं तर शहरातल्या एका गायकाकडून ध्वनिमुद्रित करून घेऊ आणि भोंगा बसवू. जुन्या दप्तरातले शब्द वाचून त्यानं म्हटलेला नमुनाही ऐकवला. लग्नात केक कापताना म्हणतात तसं म्हटलंय!

हाक येणारी माणसं जगात दोन. त्यांतली एक मी, तर मी कॅथलिक.

बाकी तुझं तू समजून घे. हुसूममध्ये समुद्राचा वारा खाऊन तुझा आवाज अजून चांगला असणार. मी स्वतः हल्ली वर जात नाही. वेळच मिळत नाही.

तुझी,
क्रेसेन्त्सिया


आलेनफेल्स, १९ मे

प्रिय टिली,

तुझं कार्ड मिळालं. चित्रातल्या मेंढ्या छान आहेत. मागचा मजकूर मी तीन वेळा वाचला, तरी तो तेवढाच राहिला: "नको. माझं त्या मनोऱ्यात काही ठेवलेलं नाही. गुडघ्यांना जप. टि."

माझ्या गुडघ्यांचं तुला कुणी सांगितलं? आफ्रानं लिहिलं असणार. आफ्रा, शेजारची, लोहाराची मुलगी, आठवत असेलच. तिला काही सांगितलं की ते आधी वेशीबाहेर जातं आणि मग तिच्या कानात पोहोचतं. माझे गुडघे ठीक आहेत.

आता एक कबूल करते. तुझं कार्ड मंगळवारी आलं. सभा सोमवारी होती. सभेत मी तुझं नाव दिलं.

रागावण्याआधी सभा कशी झाली ते ऐक, तू हसशील. मी उभी राहिले आणि म्हटलं, "एक उमेदवार आहे. ओटीलिया, माझी धाकटी बहीण. हाक पाठ आहे आणि प्रोटेस्टंट आहे."

सगळे वळून बघायला लागले. प्रोटेस्टंट बाकांवरून एकानं विचारलं, "तुमची बहीण? कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली? ती कशी प्रोटेस्टंट?"

"लग्न करून. १९६६ साली. पुलापलीकडच्या सुताराच्या रॉल्फशी."

"पण पक्की आहे का? नाहीतर तुम्ही लोक नावापुरती आमची आणाल आणि पाळी तुमची कराल."

टिली, माझा तोल गेला. मी म्हटलं, "त्यापायी बापानं तिच्याशी बोलणं टाकलं, तिला गाव सोडावं लागलं. याहून पक्की कशी करतात ते तुम्हीच सांगा."

श्मॉल्त्स चष्मा पुसत म्हणाले, "लिहून घ्या. उमेदवार: एक. धर्म: तपासलेला."

सगळं सभागृह हसलं, प्रोटेस्टंट बाकंसुद्धा. आणि मला तिथेच, खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या उभ्या, वाटून गेलं: ज्या एका गोष्टीसाठी या गावानं तुला घालवलं, त्याच एका गोष्टीसाठी आज हे गाव तुला बोलावतंय. असं कधी होतं का गं? मला तर घरी येईपर्यंत धीर निघेना. आफ्राला फाटकातच सांगितलं. ती म्हणाली, "येईल ती. पण तू असं तिचं नाव परस्पर घातलंस ना, तर आधी तुला बोलेल, मग येईल."

बोल. पण फोनवर बोल, कार्डावर जागा पुरत नाही. नंबर तोच आहे, बाबांच्या वेळचा.

सेंझी


आलेनफेल्स, ११ जून

प्रिय टिली,

तू बोललीस. मी ऐकलं. रिसीव्हर कानापासून जरा लांब धरून, पण ऐकलं.

जसं ऐकलं तसं लिहिते. तू म्हणालीस, "सेंझी, तू तेव्हा बाहेरगावी शिकवत होतीस. तुला कुणीतरी नुसतं सांगितलं. मी ऐकलंय. रोज संध्याकाळी भांडी घासताना. उत्तरेच्या खिडकीतून त्यांची हाक यायची आणि मी हात थांबवायचे, कारण पुढची पूर्वेची, आमच्या बाजूची. आणि मग काहीच नाही. अख्खी एक हाक होईल इतका वेळ ते गप्प राहायचे, आणि मग थेट दक्षिण. सगळा मोहल्ला ऐकायचा ते गप्प राहणं. शेजारीण खिडकीतून माझ्याकडे बघायची. तिला हाक नव्हती, तिच्या पोरांना नव्हती, कारण तिच्या शेजारी मी राहत होते. दोन वर्षं काढली आम्ही तशी. आणि तू म्हणतेस, त्याच खिडकीतून मी ओरडू?"

तू हे मला आजवर कधी सांगितलं नव्हतंस. त्यांनी पूर्वेची हाक बंद केली एवढंच मला ठाऊक होतं. ते गप्प राहणं माहीत नव्हतं.

परवा पाहुण्यांना घेऊन मी मुद्दाम पुलापलीकडे गेले. नेहमीच्या वाटेवर तो भाग येत नाही. तिकडे बघण्यासारखं काही नाही असं आमच्या पत्रकात गेली कित्येक वर्षं छापलंय. रॉल्फच्या वडिलांच्या कारखान्यात आता सायकली दुरुस्त करतात. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी तशीच आहे. तिच्यापुढे उभं राहून मागे वळलं तर सगळा मनोरा डोळ्यांत भरतो, गावातल्या कुठल्याच जागेवरून दिसत नाही इतका. मी म्हटलं, "मंडळी, फोटो इथून काढा." सगळ्यांनी काढले. एका बाईनं विचारलं, "हे पत्रकात का नाही?" मी म्हटलं, "चुकून राहिलं."

तुला आता आग्रह करणार नाही. श्मॉल्त्सना मात्र अजून काही कळवलेलं नाही. कामात आहेत ते.

सेंझी


आलेनफेल्स, ८ जुलै

टिली, टिली,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. आज मी वर गेले होते!

झालं असं. नगरपालिकेच्या बांधकाम खात्याच्या हेगेलेबाई आहेत, तरुण, टोपी उलटी घालणाऱ्या. त्यांनी सकाळी निरोप पाठवला: राखणदाराच्या खोलीत काही जुनं निघालंय, तुमच्या वडिलांची खोली होती, बघायला या. मी म्हटलं, "जिना..." तर म्हणाल्या, "जिना कशाला, मचाणाची लिफ्ट आहे ना!" ती लिफ्ट म्हणजे विटांची. तारेचा पिंजरा. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण घालून, चुन्याच्या पोत्यावर बसून मी आलेनफेल्सच्या छपरांवरून वर गेले. खाली बाजारात आफ्रा कोबी घेत होती. तिनं वर पाहिलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "सेंझी! अगं, मेल्याशिवायच निघालीस का वर?"

खोली तीच आहे. शेगडी, बाक, चार दिशांना चार खिडक्या. उत्तर, दक्षिण, पश्चिम उघड्या होत्या, नव्या चौकटी बसवायला. पूर्वेच्या खिडकीवरची जाड फळी कामगारांनी सकाळीच काढली होती.

फळीमागे खिडकीच नव्हती, टिली. म्हणजे होती, पण तिच्यात आडवे-उभे लोखंडी पट्टे ठोकलेले, मनगटाएवढे जाड, भिंतीत आरपार. वरची कमान दुभंगलेली. हेगेलेबाईंनी बोट ठेवून दाखवलं, "भिंत बाहेर झुकत होती. हे बांधलं नसतं तर पूर्वेची बाजू खाली आली असती. एकदा हे घातलं की खिडकी उघडायचा प्रश्नच नाही. मांजरसुद्धा जायचं नाही यातून."

मी विचारलं, "कधी घातलं?"

त्यांनी पट्ट्यावरची धूळ पुसली. लोहारानं ठसा उमटवला होता, त्याची खूण आणि साल. १९६६. आणि लोहाराची खूण कुणाची? आफ्राच्या वडिलांची!

खाली आल्याबरोबर मी आफ्राला गाठलं, भाजीच्या पिशव्यांसकट. ती म्हणाली, "हो, बाबांनीच ठोकले ते पट्टे. त्याच शरदात, बटाटे काढून झाल्यावर. मी भात्यावर होते ना."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलू? मला वाटलं, तुम्हाला घरच्यांना माहीत असेल! तुमच्या बापाची खिडकी, आणि मी सांगायची?"

"टिलीला वाटलं बाबांनी तिच्यावर रागावून..."

आफ्रानं पिशव्या खाली ठेवल्या. म्हणाली, "माझे बाबा त्यांना म्हणाले होते, 'अहो, त्या पोरीला एकदा सांगा की खिडकी बंद केलीय, तिकडे भलतंच बोलतायत लोक.' तर तुझे बाबा म्हणाले, 'विचारायला आली तर सांगेन.'"

आणि तू त्यांच्या हाकेची वाट बघत होतीस. ते वर, तू खाली. मधे एक पूल.

तुला खोटं सांगणार नाही, टिली. मी हिशेब केला, तूही करशील. तुझं लग्न मे महिन्यातलं. बटाटे निघतात सप्टेंबरच्या शेवटी. मधला सगळा उन्हाळा खिडकी धडधाकट होती, आणि हाक नव्हती. तो उन्हाळा बाबांचा. त्याला मी लोखंड लावू शकत नाही. पण त्यानंतरची सगळी वर्षं लोखंडाची आहेत.

अजून एक. ती फळी मी घरी आणली, दोन कामगारांनी पोहोचवली. आतल्या बाजूला, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, दोन ठिकाणी तिचा रंग पार झिजलाय. मधल्या अंतरात मी उभी राहिले, दोन्ही हात टेकवले, तर बरोबर तिथेच येतात. हेगेलेबाई म्हणाल्या, वाऱ्यानं असेल. आतल्या बाजूला कुठला वारा? ते गप्प राहत नव्हते गं, असं मला वाटतंय. ते त्या फळीशी उभे असायचे. हाक म्हणायचे की नाही, ते मला माहीत नाही. लाकडातून ती तुझ्यापर्यंत आली नसती.

भिंत आता नव्यानं भरून काढलीय. पट्टे पुढच्या आठवड्यात निघणार. खिडकी उघडणार, टिली!

सेंझी


आलेनफेल्स, २० ऑगस्ट

माझी टिली,

इतके आठवडे तुझं काहीच नाही, आणि मग हे सात पानी पत्र! पोस्टमन म्हणाला, "बाई, कोर्टाचं दिसतंय." मी दारातच बसून वाचलं.

त्यातलं एक वाक्य मी आफ्रालाही वाचून दाखवलं, क्षमा कर: "उन्हाळा मी ठेवून घेते. त्या उन्हाळ्यात मीही त्यांना कमी बोलले नव्हते. बाकीची वर्षं परत दे." आफ्रानं कागद माझ्या हातातून घेतला आणि ते स्वतः पुन्हा वाचलं.

तुझ्या अटी मी श्मॉल्त्सना जशाच्या तशा सांगितल्या. एक, भोंगा मनोऱ्यात राहायचा नाही, अडगळीतसुद्धा नाही. ते म्हणाले, "मान्य. तो गायकही नाहीतरी पैसे परत मागतोय." दोन, पहिल्या संध्याकाळी वर तू एकटी असशील, नगराध्यक्ष नाहीत, वार्ताहर नाहीत, बँड नाही. ते जरा हिरमुसले. नवीन कोट शिवलाय त्यांनी. मी म्हटलं, "कोट खाली बाजारातून जास्त दिसेल." तेही मान्य. तीन, पुढच्या पाळीच्या कॅथलिक माणसाला तू आत्तापासूनच शिकवायला लागणार. यावर ते म्हणाले, "ही बाई माझ्या जागी का उभी राहत नाही?"

आणि काल रात्रीच्या फोनबद्दल. तू हाक म्हटलीस ना, तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते.

"ऐका हो आलेनफेल्सकर, चूल झाका, दार लावा..."

आवाज जाड झालाय तुझा. खाली बसलाय, बाबांच्याजवळ. पण तू "दार लावा"नंतर श्वास घेतेस. तो तिथे नाही, टिली! श्वास "चूल झाका"नंतर, आणि मग "दार लावा, वरती मी जागा आहे" हे एका दमात. "तू कॉन्व्हेंटच्या कॉयरमध्ये होतीस म्हणून तुला सगळीकडे श्वास लागतो," असं वर मलाच ऐकवलंस! आणि तू? तू सॉसेज चघळत शिकलीस! आफ्रा भिंतीपलीकडून ओरडली, "दोघी चुकताय! म्हातारा श्वास घ्यायचाच नाही!" आता हा वाद तूच वर जाऊन मिटव. जिथे घेशील तिथे तो गावाचा श्वास. पण तो "झाका"नंतर आहे.

बाजारातल्या बेकरीनं तुझ्यासाठी जिन्याच्या आकाराची बिस्किटं करायचं ठरवलंय. पादरीणबाई डोरोथेआ विचारत होत्या, तू रविवारी मागच्या बाकांवर बसशील ना? मी म्हटलं, तिला विचारा. मग मी विचार केला, आम्ही पुढे उठलो की तुम्ही मागे बसता, म्हणजे दारात दर रविवारी आपली गाठ पडेलच.

मी नव्या पत्रकाचा मजकूर लिहिलाय. पुलापलीकडची जागा घातलीय. तुझं नाव घातलेलं नाही. फक्त "येथून मनोरा सर्वांत चांगला दिसतो."

सेंझी


आलेनफेल्स, २४ सप्टेंबर

प्रिय टिली,

तू मंगळवारच्या गाडीनं निघणार, तेव्हा हे पत्र तुला आधी मिळायला हवं. स्टेशनवर मी नसेन. आफ्रा असेल, लाल छत्री घेऊन, ओळखायला त्रास नको.

आता खरं सांगते, कारण नाहीतर ती स्टेशनवरच सांगेल. गुडघे ठीक नाहीत. उजवा तर गेलाच आहे. गेली तीन वर्षं मी मनोऱ्याच्या दारापर्यंत पाहुण्यांना नेते आणि "तुम्ही व्हा पुढे, मी छत्री सांभाळते" म्हणते. तुला वर एकटी राहायचंय ही अट तू घातलीस तेव्हा मला हायसं वाटलं. मला सोबत ये म्हणाली असतीस तर काय सांगितलं असतं? बुधवारी नवा गुडघा बसवतायत. याच्यानंतरची तारीख फेब्रुवारीतली होती, आणि मला त्या जिन्यानं लवकर वर यायचंय, आपल्या पायांनी, विटांच्या पिंजऱ्यातून नाही.

दवाखाना पुलापलीकडचा, प्रोटेस्टंट सेविकांचा. आमच्या लोकांच्या दवाखान्यातही जागा होती. आफ्रा हादरली. "त्यांच्याकडे? आणि तिथे काही झालं तर पादरी कुणाचा बोलावणार?" मी म्हटलं, "ज्याची पाळी असेल त्याचा." ती अजून रुसलीय. पण मी तोच मागितला, आणि तिसऱ्या मजल्यावरची खाटही मागून घेतली. कारण खाली सांगते.

सिस्टर अडेल्गुंडिस शिकवायच्या, कुठेही निघताना आपलं सगळं जागच्या जागी लावून निघावं. गुडघाच आहे, काळीज नाही. तरीही कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही दोघी भांडणार नाही.

आईची बाजाची पेटी डोरोथेआबाईंच्या रविवारच्या मुलांना. दोन पट्ट्या वाजत नाहीत, ते आधीच सांग. जॅमची तांब्याची पातेली आफ्राला. ती वर्षानुवर्षं त्यांच्याकडे बघते आणि "मला काय करायचीत" म्हणते. तिनं तीन वेळा नको म्हटलं की चौथ्यांदा हातात दे. माझी पुस्तकं शाळेला, बाहुल्यांच्या संग्रहालयाला नव्हे. हेगेलेबाईंना बाबांची दुर्बीण, कारण त्या मचाणावरून सारख्या हातानं डोळ्यांवर सावली धरतात. लाल छत्री गाव दाखवणारी जी नवी येईल तिला, पण पुलापलीकडे नेईन असं कबूल केलं तरच.

घर अर्धं तुझं आहे, ते बाबांनीच तसं ठेवलंय. कागद मी कधी बदलला नाही, कुणी बदलायला सांगितलाही नाही. माडीवरची खोली झाडून घेतलीय. बाबांचा लोकरी कोट तुला. बाह्या लांब होतील, दुमडून घे, वर वारा बोचतो.

हे सगळं मी गेले तर. मी जाणार नाहीये, तेव्हा यातलं काही उचलायचं नाही, पातेली सोडून. आफ्राला आता राहवणार नाही.

पण एक वाटणी मात्र आहे ती शुक्रवारीच कर, मी कशीही असले तरी. उत्तरेची हाक बाजाराला दे, श्मॉल्त्स तिथे नव्या कोटात उभे असतील. दक्षिणेची कोठाराकडच्या घरांना. पश्चिमेची कॉन्व्हेंटच्या अंगणाला, आपल्याला वाढवणाऱ्या सगळ्या सिस्टर्स तिथेच भिंतीशी निजल्यात.

पूर्वेची मला. खाट खिडकीजवळची आहे. नर्सला सांगून ठेवलंय, संध्याकाळी कितीही गार असलं तरी खिडकी उघडी ठेवायची. तिनं विचारलं, "आजी, कुणी येणार आहे का?"

घाई करू नकोस. आणि तुला हवा तिथे श्वास घे.

तुझी सेंझी